पांढरा राखून ठेवताना

बर्फाचं चित्र तैलरंगात करायचं ठरलं की हात आपोआप पांढऱ्या ट्यूबकडे जातो. साहजिकच आहे, निम्म्याहून जास्त कॅनव्हास बर्फानंच व्यापलेला असणार असतो. मला शिकवणाऱ्या सरांनी मात्र पॅलेट मांडतानाच पांढऱ्याचे दोन ढीग करायला लावले. एक मोठा, मिश्रणासाठी. दुसरा बोटाच्या पेराएवढा, बाकीच्या रंगांपासून लांब, वरच्या कोपऱ्यात. "ह्याला चित्र संपत येईपर्यंत हात लावायचा नाही. आणि तेव्हाही आधी स्वतःला विचारायचं, खरंच लागतोय का?" एवढंच बोलून ते दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळले.

तेव्हापासून मी हिवाळ्याचीच चित्रं जास्त करत आले आहे आणि आता माझं ठाम मत झालंय की बर्फ रंगवण्याचं निम्मं शिक्षण त्या दोन ढिगांत आहे. ट्यूबमधला पांढरा हा आपल्याजवळचा सगळ्यात उजळ रंग. त्याच्या वर काही नाही. उन्हातला खरा बर्फ मात्र त्याहून कितीतरी पट तेजस्वी असतो, त्याच्याकडे नीट बघवतही नाही. रंगात तेवढं तेज नसतं. मग ते आणायचं कुठून? बाकी सगळं एकेक पायरी खाली उतरवून. आकाश खाली, सावलीतला बर्फ बराच खाली, आणि उन्हातला बर्फसुद्धा निखळ पांढऱ्याच्या थोडा खालीच, किंचित यलो ऑकरची, म्हणजे मातकट पिवळ्याची, ऊब घेतलेला. एवढं झालं की शेवटी एखाद्या उंचवट्याच्या कडेवर ठेवलेला पांढऱ्याचा एकच फटकारा लखलखतो. आधीच सगळीकडे पांढरा लावून ठेवला असेल तर लखलखायला जागाच उरत नाही आणि चित्र खडूनं रंगवल्यासारखं दिसायला लागतं.

उजेड-काळोखाच्या या पायऱ्यांना चित्रकार व्हॅल्यू म्हणतात. त्या ओळखायला शिकणं हे रुक्ष काम आहे, पण बर्फाच्या बाबतीत ते टाळून पुढे जाता येत नाही. त्यासाठी एक साधं साधन मला फार उपयोगी पडलं: मध्यम करड्या रंगाचा पुठ्ठा आणि त्याला पाडलेलं एक छोटं भोक. हात लांब करून त्या भोकातून सावलीतल्या बर्फाकडे बघायचं. उघड्या डोळ्यांना तो बर्फ पांढराच वाटत असतो, कारण बर्फ पांढरा असतो हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. भोकातून मात्र आजूबाजूचं सगळं झाकलं जातं आणि नुसता रंगाचा एक तुकडा समोर येतो. निळसर, करडा, पुठ्ठ्याहून जेमतेम उजळ. पहिल्यांदा असं बघितलं तेव्हा मी पुठ्ठा बाजूला करून पुन्हा बघितलं, पुन्हा पुठ्ठा धरला, पुन्हा काढला. बर्फ तोच, ऊन तेच, आणि रंग दोन वेगवेगळे.

बर्फाला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतोच. हिमकणांच्या असंख्य बारीक पृष्ठभागांवर उजेड आपटतो, वळतो, पुन्हा आपटतो, आणि सगळ्या रंगांचा प्रकाश जवळपास सारख्याच प्रमाणात बाहेर येतो, म्हणून तो पांढरा. ताज्या, भुसभुशीत बर्फावर जेवढा उजेड पडतो त्यातला ८० ते ९० टक्के परत फेकला जातो. जुना झालेला, ओला, मळका बर्फ त्यातला बराच गिळतो. याचा चित्रकारापुरता अर्थ असा की बर्फावर जे येऊन पडेल ते तो दाखवतो. ज्या भागावर ऊन पोचतं तो ऊन दाखवतो. जिथे ऊन अडलं आहे तिथे नुसत्या आकाशाचा उजेड पोचतो, म्हणून निरभ्र दिवशी सावल्या निळ्या. शेजारी विटांची भिंत असेल तर सावलीच्या त्या बाजूला तांबूस झाक येते. देवदाराच्या खाली हिरवट.

आणखी एक निळा असतो, आणि तो वेगळा असतो हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. बर्फात काठी खोल खुपसून काढली की त्या भोकाच्या तळाशी दिसणारा निळा, किंवा हिमनदीच्या भेगांतला निळा. हा आकाशाचा नव्हे. बर्फ तांबडा प्रकाश किंचित शोषून घेतो. वरच्या थरात ते जाणवत नाही, पण उजेड आत खोलवर जाऊन परत येईपर्यंत त्यातला तांबडा गळत जातो आणि निळा उरतो. म्हणून सावल्यांसाठी मी अल्ट्रामरीन किंवा कोबाल्ट घेते, आणि अशा खोल फटींसाठी सेरुलियनकडे झुकणारा, हिरवट अंगाचा निळा. फरक फार छोटा असतो. पण तो चित्रात असला की सावली जमिनीवर पसरलेली वाटते आणि फट जमिनीत उतरलेली.

सावलीचं मिश्रण हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून जरा तपशिलात सांगते. मोठ्या ढिगातला पांढरा घ्यायचा, त्यात सुरीच्या टोकावर येईल एवढा अल्ट्रामरीन. आधी हा रंग भलताच गोड दिसतो, लहान मुलांच्या पुस्तकातल्यासारखा निळा. मग बर्न्ट सिएनाचा अगदी कण. नारिंगी अंगाचा तो तपकिरी निळ्याला शांत करतो आणि मिश्रण करड्याकडे वळतं. पॅलेट नाइफवर थोडा रंग घेऊन ती सुरी समोरच्या देखाव्यावर, त्या सावलीच्या शेजारी दिसेल अशी धरायची. बहुतेक वेळा रंग उजळ निघतो. आणखी निळा, आणखी कणभर सिएना. जमलं असं वाटलं की त्याच ढिगाचे तीन भाग करायचे: एक तसाच, एकात अलिझरिन क्रिमझन या गर्द लालाचा स्पर्श, एकात थोडा जास्त पांढरा. एकाच झाडाच्या एकाच सावलीत हे तिन्ही रंग लागतात.

कारण सावली बुंध्यापासून टोकापर्यंत एकसारखी नसते. बुंध्यापाशी तिची कड धारदार असते, रेघ मारल्यासारखी. जसजशी ती लांब जाते तसतशी कड विरघळते, सावली फिकी होते, आणि शेंड्याच्या फांद्यांची सावली तर नुसता धुरकट डाग असतो. सूर्य आकाशात बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे लांब पडलेल्या सावलीच्या कडेवर अर्धवट उजेडाचा पट्टा रुंदावत जातो. हिवाळ्यात सूर्य खालून चालतो आणि सावल्या लांबच लांब पडतात, म्हणून हे बर्फावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं एरवी दिसत नाही. शिवाय सावली जमिनीचा उंचसखलपणा सांगते. गाडीच्या चाकानं पडलेल्या चाकोरीवरून जाताना ती खाली वाकते, पुन्हा वर चढते, उंचवट्यावर फुगते. पांढऱ्या पसरलेल्या जमिनीला आकार द्यायला दुसरं काही नसतंच. ती सावलीची वाकण बरोबर आली की बर्फाची जाडी दिसते, आणि त्यासाठी पांढऱ्याला हातही लावावा लागत नाही.

'बर्फाच्या सावल्या निळ्या' हे सूत्र म्हणून पाठ करण्याच्या मी विरोधात आहे. जर्मन कवी गटेनं १८१० साली रंगांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जर्मनीतल्या हार्ट्स पर्वतातल्या ब्रॉकेन शिखरावरून हिवाळ्यात उतरतानाचा एक अनुभव आहे. दिवसा बर्फावर पिवळसर उजेड होता तेव्हा सावल्या जांभळट दिसत होत्या. ऊन आणखी पिवळं झालं तशा त्या निळ्या झाल्या. सूर्य मावळताना सगळं तांबडं-जांभळं झालं आणि सावल्या चक्क हिरव्या, समुद्राच्या पाण्यासारख्या हिरव्या दिसू लागल्या. उजेडाचा रंग बदलला की डोळा सावलीत त्याचा विरोधी रंग बघतो. हेच पुढे शेव्हरलनं फार पद्धतशीरपणे मांडलं. तो रसायनशास्त्रज्ञ, पॅरिसच्या गोबलॅं या चित्रपट विणणाऱ्या (टॅपेस्ट्रीच्या) कारखान्यात रंगाईच्या विभागाचा प्रमुख. काळ्या धाग्यात दम नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासणीत काळा रंग चांगलाच निघाला. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका दिसत होता. १८३९ साली त्याचं पुस्तक आलं आणि पुढच्या पिढ्यांच्या चित्रकारांनी ते मन लावून वाचलं. बर्फ रंगवताना मी शेव्हरलच्या त्या काळ्या धाग्याची आठवण सतत ठेवते. पॅलेटवर मळकट करडा वाटणारा रंग उबदार पिवळसर बर्फाशेजारी ठेवला की सुरेख जांभळा दिसतो. रंग पॅलेटवर पारखून काही कळत नाही, तो त्याच्या शेजाऱ्याजवळ नेऊन ठेवावा लागतो.

म्हणूनच कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर बर्फ रंगवू नये असं मी म्हणेन. पांढऱ्यावर ठेवलेला पहिला रंग नेहमीच गडद वाटतो, मग आपण घाबरून सगळंच उजळ करत जातो. आधी यलो ऑकर किंवा बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पूर्ण कॅनव्हासवर फिरवायचा, चिंधीनं पुसायचा, वाळू द्यायचा. त्या उबदार जमिनीवर निळसर करडा ठेवला की तो पहिल्या फटकाऱ्यापासून बर्फ दिसू लागतो. ठिकठिकाणी खालचा ऑकर डोकावत राहिला तर राहू द्यावा. त्या फटींतूनच बर्फावरचं ऊन हलतं.

आता खुद्द पांढऱ्याविषयी. शतकानुशतकं चित्रकारांचा पांढरा म्हणजे शिशाचा पांढरा. उबदार, तार धरणारा, लवकर वाळणारा, आणि वाळल्यावरही लवचीक राहणारा, पण विषारी. एकोणिसाव्या शतकात जस्ताचा पांढरा आला, झिंक व्हाइट. थंड अंगाचा आणि पारदर्शक. बर्फाच्या वरच्या पातळ थराला तो देखणा वाटतो, पण तेलातला त्याचा थर वर्षांनुवर्षं ठिसूळ होत जातो, तडकतो, वरचे थर सुटून येतात. मी तो खालच्या थरांत वापरत नाही. टायटॅनियम व्हाइट १९२० च्या दशकापासून चित्रकारांच्या पेटीत आला आणि आज बहुतेकांच्या हातात तोच असतो. झाकायची ताकद सगळ्यात जास्त, आणि त्यामुळेच तो दुसऱ्या रंगांना पटकन गिळतो. त्यात निळा मिसळताना अंदाजापेक्षा जास्तच लागतो.

रंग कोणत्या तेलात घोटला आहे हेही बर्फाच्या चित्रात महत्त्वाचं ठरतं. जवसाचं तेल मजबूत थर देतं पण कालांतरानं पिवळं पडतं. लाल-तपकिरी चित्रात ते कुणाच्या लक्षातही येणार नाही, बर्फावर मात्र लगेच दिसतं. म्हणून पुष्कळदा पांढरे रंग करडईच्या, खसखशीच्या किंवा अक्रोडाच्या तेलात घोटलेले असतात. ते कमी पिवळे पडतात, पण हळू वाळतात आणि त्यांचा थर तितका मजबूत नसतो. खालच्या थरांना जवसाचा पांढरा आणि शेवटच्या उजळ फटकाऱ्यांना करडईचा, अशी विभागणी मला पटली आहे. नाही तरी खालचा थर पातळ आणि वरचा तेलकट हा तैलरंगाचा मूळ नियमच आहे. आणि नुकतं झालेलं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नये. जवसाचं तेल अंधारात जास्त पिवळं होतं. उजेडात ठेवलं की तो पिवळेपणा बराचसा उतरतो.

शिकताना थोरांची चित्रं बघणं आलंच. क्लोद मोनेचं 'मॅगपाय' हे १८६८-६९ च्या हिवाळ्यातलं चित्र आज पॅरिसच्या म्युझे दॉर्सेमध्ये आहे. कुडाच्या कुंपणाला एक फाटक, त्यावर एक काळापांढरा पक्षी, आणि कुंपणाची सावली आपल्याकडे पसरत आलेली. १८६९ च्या सलोंनं, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनानं, हे चित्र नाकारलं. मी त्याची मोठ्यात मोठी प्रतिमा मिळवून एकदा पुठ्ठ्याच्या भोकातून तुकड्यातुकड्यानं तपासली. निखळ पांढरा किती थोड्या ठिकाणी आहे! बाकी सगळा बर्फ मलईच्या, फिक्या जांभळ्या, निळ्या, गुलाबी करड्या छटांचा. कुंपणाच्या वरच्या कडेवर साचलेला बर्फ उजळ आहे, आणि तो उजळ दिसतो कारण त्याच्या लगेच खाली कुंपणाची सावलीतली बाजू आहे. पक्षी नसता तर हे चित्र कसं दिसलं असतं, हे मी तो बोटानं झाकून बघते. तो काळा ठिपका गेला की सगळं चित्र एक पायरी मवाळ होतं. बर्फाच्या चित्रात एक तरी खरा गडद ठिपका लागतो, आणि मोनेनं तो अगदी छोटा ठेवला आहे.

दुसरं चित्र मोनेचा सहकारी चित्रकार पिसारो याचं, १८७३ चं, नांगरलेल्या शेतावर पडलेल्या दवहिमाचं. १८७४ मध्ये इंप्रेशनिस्टांच्या, म्हणजे मोने-पिसारोंच्या गटाच्या, पहिल्या प्रदर्शनात ते होतं. त्यावर कास्तान्यारी या समीक्षकानं जो आक्षेप घेतला तो मला आजही विचार करायला लावतो: शेतावर ज्या झाडांच्या सावल्या पडल्या आहेत ती झाडं चित्रात नाहीतच, ती चौकटीबाहेर आहेत. त्या काळी हे दोषास्पद वाटलं. मला मात्र तीच त्या चित्रातली सगळ्यात धाडसी गोष्ट वाटते. चौकटीबाहेरून आत आलेली सावली बघणाऱ्याला त्या शेतात उभं करते, झाडं त्याच्या पाठीमागे आहेत हे त्याला जाणवतं. मी हे अनेकदा वापरते. समोरचा मोकळा बर्फ रिकामा वाटत असेल तर त्यात झुडूप किंवा दगड आणून ठेवण्याऐवजी बाहेरच्या झाडाची सावली आत घ्यावी.

आणि मग सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार ब्रॉयगेल. १५६५ चं 'बर्फातले शिकारी', लाकडी फळीवर तैलरंगात केलेलं, व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये. या चित्रात ऊन नाही. सावल्या नाहीत. निळ्या-पिवळ्याचा खेळ नाही. आकाश करडं-हिरवं, आणि दरीतली गोठलेली तळीसुद्धा त्याच करड्या-हिरव्या रंगाची. ढगाळ हिवाळ्याचा सगळा थंडावा त्या एका रंगाच्या पुनरुक्तीतून येतो. समोर काळ्याभोर झाडांची रांग उतारावरून खाली जाते, तिच्याबरोबर थकलेले शिकारी आणि कुत्रे. बर्फ उजळ दिसतो तो या काळ्या आकृत्यांमुळे.

इथे माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. बर्फाचं चित्र शिकताना सगळे उन्हाचा दिवस निवडतात, कारण सावल्या आयत्या मिळतात, रंग आयते मिळतात. मला ढगाळ दिवस जास्त मोलाचा वाटतो. ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आकाशातून येतो, कुठेही ठाम सावली नसते, आणि बर्फाचे चढउतार दोन पायऱ्यांच्या मधल्या फरकांत लपलेले असतात. शिवाय अशा दिवशी बर्फ आकाशापेक्षा उजळ वाटतो, पण डोक्यावरचं आकाश सहसा त्याहून उजळ असतं. सगळा उजेड तिथूनच तर येतोय. अशा दिवशी आकाश आणि बर्फ यांच्यातला फरक ठरवण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि त्या वेळात जे शिकायला मिळतं ते उन्हातल्या चित्रातून मिळत नाही. इंप्रेशनिस्टांपैकीच आल्फ्रेड सिस्लेनं १८७० च्या दशकात पॅरिसजवळच्या लुव्हसिएन गावातले असे कितीतरी बर्फाचे रस्ते रंगवले. रस्ता, दोन्हीकडे भिंती, मधे एक लहानशी व्यक्ती. आवाज नसलेली चित्रं आहेत ती, आणि त्यांचे करडे रंग मला मोनेच्या निळ्यांइतकेच समृद्ध वाटतात.

अंतर दाखवण्याच्या बाबतीत बर्फ नेहमीचा नियम अर्धा उलटा करतो. एरवी दूरच्या गोष्टी निळ्या होत जातात. दूरची काळी झाडी बर्फाच्या चित्रातही निळसर आणि फिकी होते. पण दूरचा उन्हातला बर्फ निळा होत नाही. त्याच्याकडून येणाऱ्या प्रकाशातला निळा वाटेतल्या हवेत विखुरतो, म्हणून तो पिवळसर किंवा गुलाबी होतो, आणि थोडा मंदही. जवळचा बर्फ शुभ्र, डोंगरावरचा बर्फ कोमट. एवढं एक सांभाळलं तरी डोंगर मागे सरकतो.

झाडांच्या बाबतीत काटक्या मोजत बसू नये. पानगळ झालेल्या झाडाचा वरचा भाग म्हणजे एक जांभळट-तपकिरी धुकं असतं. ते आधी जवळजवळ कोरड्या ब्रशनं, आकाशाचा रंग ओला असतानाच हलकं फिरवून घ्यायचं. मग लांब केसांच्या बारीक ब्रशनं मोजक्याच काटक्या, पुढे आलेल्या. आणि फांद्यांच्या खालच्या बाजूकडे लक्ष द्यावं. बर्फ खालून उजेड फेकतो, त्यामुळे हिवाळ्यात फांद्यांचं, छपराच्या वळचणीचं, वाकलेल्या माणसाच्या हनुवटीचं खालचं अंग अनपेक्षितपणे उजळलेलं असतं. बुंध्याच्या भोवती बर्फात खळगा असतो, कारण गडद बुंधा ऊन शोषून तापतो आणि भोवतीचा बर्फ वितळवतो. हा खळगा काढला नाही तर झाड बर्फात रुतलेलं न दिसता त्यावर ठेवलेलं दिसतं.

पावलांचे ठसे सगळ्यांनाच काढावेसे वाटतात. एक ठसा नीट बघितला तर त्यात पाच भाग सापडतात: सूर्याकडे तोंड केलेली आतली भिंत, ती उन्हात असते, समोरची भिंत, ती सावलीत, तळ, तो सावलीतच पण बाजूच्या उजळ भिंतीकडून उजेड घेतलेला, काठावर उसळून आलेला भुसभुशीत बर्फ, आणि त्या उसळलेल्या बर्फाची बाहेर पडलेली चिमुकली सावली. पहिल्या दोन ठशांत हे सगळं दाखवावं. पुढचे ठसे दोन फटकाऱ्यांत, त्यापुढचे एका फटकाऱ्यात, आणि शेवटी नुसता एक निळसर माग. काठावरच्या त्या भुसभुशीत बर्फासाठी मी पॅलेट नाइफ वापरते. रंग जाड उचलायचा, सुरी जवळजवळ आडवी धरायची, दाब न देता ओढायची. रंगाचा तुटक, खरबरीत पट्टा उमटतो आणि खोलीतला खरा उजेड त्या खरबरीत कडांवर पडून बर्फाचा पोत आपोआप येतो. एकदा ओढला की पुन्हा त्यावर फिरवायचं नाही.

फोटोवरून रंगवण्याबद्दल मला नेहमी विचारतात. फोटो जरूर घ्यावेत, फांद्यांची रचना आणि सावल्यांच्या दिशा त्यावरून घ्याव्यात. रंग घेऊ नयेत. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य सरासरी करड्या उजेडाचं धरून चालतो, म्हणून बर्फाचा फोटो आपोआप काळवंडतो. छायाचित्रकार मुद्दाम एक ते दोन स्टॉप, म्हणजे दुप्पट ते चौपट, उजेड देऊन ते दुरुस्त करतात. सावल्यांतले बारीक फरक तर जवळजवळ जातातच आणि सगळीकडे एकच निळा उरतो. समोर बसून अर्ध्या तासात केलेला तळहाताएवढा रंगाभ्यास मला शंभर फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

समोर बसून रंगवणं १८४१ नंतर सोपं झालं, त्या वर्षी जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं दाबता येणाऱ्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. थंडीत जलरंग कागदावर गोठून त्याचे स्फटिक होतात. तैलरंग घट्ट होतो पण काम चालू ठेवता येतं. खरी अडचण उजेडाची. भोवतीचा बर्फ सगळीकडून कॅनव्हासवर उजेड टाकतो, त्या झगमगाटात आपण रंग गडद करत जातो, आणि घरात आणल्यावर चित्र काळं दिसतं. रशियन चित्रकार इगोर ग्राबारनं १९०४ मध्ये 'फेब्रुवारीची निळाई' रंगवताना यावर जो उपाय केला तो ऐकून मी थक्क झाले होते. त्यानं बर्फात एक मीटरहून खोल चर खणला, त्यात ईझल लावून स्वतः उतरला, म्हणजे बर्च वृक्षाकडे खालून बघता येईल. वर निळ्या रंगाची छत्री धरली आणि कॅनव्हास असा वळवला की उन्हानं तापलेल्या बर्फाचा उजेड त्यावर पडणार नाही. ते चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. त्यात बर्फ फक्त खालच्या पट्ट्यात आहे, बाकी सगळं आकाश आणि फांद्या, आणि तरीही ते बर्फाचं चित्र वाटतं, कारण आकाशातला उजेड बर्फावरून उसळून आल्याचं फांद्याफांद्यांवर दिसतं.

त्याच गॅलरीतलं रशियन चित्रकार लेवितानचं 'मार्च', १८९५ चं, सध्या माझ्या डोक्यात आहे. घराच्या पायऱ्यांपाशी घसरगाडीला जुंपलेला घोडा, निळ्या सावल्या, आणि समोरचा रस्ता तुडवलेल्या, वितळू लागलेल्या बर्फाचा. वितळता बर्फ रंगवायला मी नुकताच घेतला आहे आणि इथे आधीचं पुष्कळ शिकलेलं पुन्हा तपासावं लागतंय. हा बर्फ उजेड कमी परत करतो. त्याच्या कडा ताज्या बर्फासारख्या मऊ नसतात, खालून पोखरून धारदार झालेल्या असतात. रस्त्याच्या मातीसाठी रॉ अंबर हा मातकट तपकिरी लागतो, आणि तो बर्फात थोडाही जास्त मिसळला तर बर्फ मेलाच.

पहिला पातळ थर वाळला आहे. आकाश, मागची झाडी, रस्त्याचं वळण मांडून झालंय. आता चाकोरीत साचलेल्या पाण्याकडे वळायचंय. पाण्यातलं आकाश वरच्या आकाशापेक्षा गडद असतं, कारण पाणी थोडाच उजेड परत पाठवतं. जवळच्या डबक्यात आपण सरळ खाली बघतो तेव्हा तर फारच गडद, दूरच्या डबक्यात त्यामानानं उजळ. म्हणजे एकाच रस्त्यावर पाण्याचे तीन-चार वेगवेगळे करडे लागणार, आणि त्या प्रत्येकाच्या काठाला टेकलेला बर्फ त्या त्या करड्याच्या मानानं ठरवावा लागणार. सगळ्यात जवळच्या डबक्यापासून सुरुवात करणार आहे, कारण चित्रातला सगळ्यात गडद रंग तिथेच येतोय.